उन्हातील चेहरा आणि दूरचा फ्लॅश

घराबाहेर, उघड्या आकाशाखाली माणसाचे छायाचित्र घेणे सोपे असते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. प्रकाश विपुल आहे, मग अडचण कसली, असे नवशिक्याला वाटते. परंतु अडचण नेमकी त्या विपुलतेतच दडलेली असते. भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या माणसाचे डोळे भुवयांखालच्या काळोखात बुडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते, आणि ऊन सहन न झाल्यामुळे सारा चेहरा आक्रसून जातो. त्यालाच झाडाच्या सावलीत नेले, तर चेहरा मवाळ दिसतो खरा, पण मागील रस्ता पांढराफटक होऊन जातो. डोळ्याला हे दोन्ही एकाच वेळी नीट दिसतात. फिल्मला किंवा अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकाला तेवढी ऐपत नसते. म्हणून दोहोंपैकी एकाचा त्याग करावा लागतो, किंवा आपल्या हातातील एक लहानसा दिवा सूर्याच्या मदतीला द्यावा लागतो. हा दिवा कसा द्यावा, याचा अभ्यास प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

अभ्यासासाठी गाझियाबाद हे गाव निवडले आहे. उत्तर प्रदेशातील हे शहर दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून, हिंडन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले आहे. त्याचा अक्षांश सुमारे २८.७ अंश उत्तर आहे आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही गोष्ट नकाशापुरती नाही. २१ जूनला येथे मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर असतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली तेव्हा जेमतेम १४ सेंटिमीटर पडते. २१ डिसेंबरला मात्र सूर्य ३८ अंशांच्या वर चढतच नाही आणि त्याच माणसाची सावली दोन मीटरांहून लांब होते. मुंबईत त्या दिवशी ती दीड मीटरच्या आसपास असते. व्यक्तिचित्रणासाठी दिवा साधारणपणे ज्या उंचीवर ठेवतात, त्याच उंचीवर गाझियाबादचा हिवाळी सूर्य भर दुपारी असतो. म्हणजे डिसेंबरातील दुपार वाया जात नाही, मे-जूनमधील जाते. महाराष्ट्रातील वाचकाने या आकड्यांत आपल्या गावाच्या अक्षांशाप्रमाणे फरक करून घ्यावा. बाकीचे विवेचन सर्वत्र सारखेच लागू पडेल.

या परिसराचे छायाचित्रणाच्या इतिहासाशी एक जुने नाते आहे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये सरधना येथे झाला. सरधना मेरठ जिल्ह्यात आहे आणि गाझियाबादही १४ नोव्हेंबर १९७६ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत मेरठ जिल्ह्यातच होते. रुडकी येथे शिक्षण घेऊन दीनदयाळ इंदूरला नोकरीस गेले आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाने त्यांच्या छायाचित्रणाला बळ आले. त्या काळच्या छायाचित्रकाराजवळ हुकमी दिवा नव्हता. काचेच्या छपरातून किंवा मोठ्या खिडकीतून येणारा मवाळ प्रकाश, पांढरी चादर, काळा पडदा आणि समोरच्या माणसाची स्थिर बसण्याची तयारी, एवढ्यावर त्याला काम भागवावे लागे. आजचा फ्लॅश हा त्या खिडकीचाच वारस आहे, ही गोष्ट मनाशी पक्की धरली तर पुढील पुष्कळशा चुका टळतात. खिडकी कधी छायाचित्रकाराच्या कपाळावर नसते.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेला फ्लॅश नेमका हाच दोष करतो. प्रकाश ज्या दिशेने पाहावे त्याच दिशेने गेला, की चेहऱ्यावरील उंचवटे आणि खळगे यांच्या सावल्या नाकाकानांमागे लपतात, आणि चेहरा सपाट होतो. १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमयुक्त स्फोटक भुकटी तयार केली, तेव्हा जेकब रीस याने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील काळोख्या खोल्यांत तिचा वापर केला. त्या चित्रांनी घरसुधारणेच्या चळवळीला मोठे साहाय्य केले हे खरे; पण त्यांतील कित्येक चेहरे दचकलेले आहेत, हेही तितकेच खरे. प्रकाश त्यांच्यावर चालून गेला होता. पुढे फ्लॅशचे बल्ब आले, आणि हॅरल्ड एजर्टन यांच्या १९३० नंतरच्या संशोधनातून आजचा विद्युत फ्लॅश घडला. साधन सुधारले, तरी दिवा कोठे ठेवावा हा प्रश्न प्रत्येकाला नव्याने सोडवावा लागतो.

साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. हाताने शक्ती कमी-जास्त करता येणारा एक साधा फ्लॅश, तो दुरून पेटविणारी रेडिओ ट्रिगरची जोडी, एक पांढरी छत्री, एक स्टँड आणि पेन्सिल सेलचे दोन संच एवढे पुरे. महागडी सामग्री जमल्यावर अभ्यास सुरू करू, असे म्हणणाऱ्यांचा अभ्यास बहुधा सुरूच होत नाही. घरातील जुना फ्लॅश वापरावयाचा असेल तर एक सावधगिरी अवश्य घ्यावी. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांशी दोनशे व्होल्टहूनही अधिक दाब असतो आणि तो आधुनिक कॅमेऱ्याचे मंडल जाळू शकतो. म्हणून असा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर चढवू नये. कोणताही फ्लॅश घरी उघडून पाहू नये, कारण बंद केल्यावरही त्यातील संधारित्रात धोकादायक भार शिल्लक असतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. फ्लॅश लावून उघड्यावर घेतलेले प्रत्येक चित्र ही वास्तविक एकावर एक घेतलेली दोन चित्रे असतात. एक सूर्याच्या प्रकाशाचे, दुसरे फ्लॅशच्या प्रकाशाचे. ही दोन्ही एकाच फ्रेमवर उमटतात, परंतु त्यांवर ताबा ठेवण्याच्या कळा निरनिराळ्या आहेत.

सूर्यप्रकाश सतत वाहत असतो. झडप, म्हणजे शटर, जितका वेळ उघडी राहील तितका तो आत येत राहतो. फ्लॅशचे तसे नाही. त्याची लखलख पूर्ण शक्तीवरही सामान्यतः सेकंदाच्या काही सहस्रांश भागात संपते. मग झडप १/५० सेकंद उघडी असो की १/२०० सेकंद, फ्लॅशचा जवळजवळ सगळा प्रकाश तेवढ्यात आत येऊन गेलेला असतो. म्हणून झडपेचा वेळ बदलला की आकाश आणि पार्श्वभूमी बदलते, फ्लॅशने उजळलेला चेहरा मात्र होता तसाच राहतो. भिंगाचे छिद्र लहान-मोठे केले तर दोन्ही चित्रे बदलतात. दिव्याची शक्ती किंवा त्याचे माणसापासूनचे अंतर बदलले, तर फक्त फ्लॅशचे चित्र बदलते. तीस मीटर मागे असलेल्या इमारतीला त्या दिव्याची खबरही नसते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा शाळेत पाठ केलेला नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. दिवा एक मीटरवरून दोन मीटरांवर नेला, की चेहऱ्यावर पूर्वीच्या एक चतुर्थांशच प्रकाश पडतो.

झडपेच्या वेगाला एक वरची मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन पडदे एकामागून एक सरकतात आणि साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच संपूर्ण चौकट एका क्षणी उघडी असते. त्याहून जलद वेगाला केवळ एक फट सरकत जाते, आणि फ्लॅशच्या क्षणी जो भाग झाकलेला असेल तेथे काळा पट्टा उमटतो. काही फ्लॅश अतिजलद स्पंदने देऊन ही अडचण दूर करतात, पण त्यात शक्तीचा मोठा व्यय होतो. शिकण्याच्या काळात १/२०० ची मर्यादा पाळणेच श्रेयस्कर.

पहिला अभ्यास घराच्या गच्चीवर करावा. कविनगर, राजनगर यांसारख्या जुन्या वसाहतींत तशा गच्च्या पुष्कळ आहेत, आणि गच्चीवर कोणाची परवानगी लागत नाही, गर्दी जमत नाही. नोव्हेंबरातील एखादी दुपार घ्या. सुमारे साडेतीन वाजलेले असावेत. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला सूर्याकडे पाठ करून उभे करा. त्यामुळे डोळे मिटत नाहीत आणि केसांना, खांद्यांना उन्हाची किनार मिळते. संवेदनक्षमता आयएसओ १००, झडप १/२०० सेकंद. आता आधी फक्त आकाशाचा विचार करा, माणूस नाहीच असे समजा. समजा, एफ ११ ला आकाशाचा निळेपणा ठीक उमटतो. त्याच स्थितीत चेहऱ्याचे मापन केले तर एफ ४ येईल, म्हणजे चेहरा तीन टप्पे काळोखात आहे. प्रत्येक टप्पा म्हणजे निम्मा प्रकाश. तेव्हा चेहऱ्याला हव्या त्या प्रकाशाचा फक्त आठवा हिस्सा मिळत आहे. हे तूट भरून काढण्याचे काम फ्लॅशचे.

फ्लॅशच्या पुस्तिकेत एक मार्गदर्शक अंक दिलेला असतो. त्याला छिद्राच्या अंकाने भागले, की मीटरमध्ये अंतर मिळते. अंक ४० असेल तर ४० भागिले ११, म्हणजे उघडा दिवा पूर्ण शक्तीवर सुमारे साडेतीन मीटरांवर ठेवता येईल. छत्रीतून प्रकाश गाळला की ढोबळमानाने दोन टप्पे जातात आणि अंक निम्मा होतो. मग दिवा पावणेदोन मीटरांवर आणावा लागतो. उत्पादकांचे अंक बहुधा झोत अतिशय अरुंद करून मोजलेले असतात, आणि ते बरेच फुगलेले असतात. तेव्हा संध्याकाळी दोन मीटरांवरून निरनिराळ्या छिद्रांनी चार-सहा चित्रे घेऊन आपल्या दिव्याचा खरा अंक आपणच ठरवावा. तो दिव्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा.

दिव्याची जागा माणसाच्या डोळ्यांहून थोडी उंच आणि कॅमेऱ्यापासून साधारण ४५ अंश बाजूला असावी. सूर्य मागे डावीकडे असेल तर दिवा पुढे उजवीकडे. डोळ्यांत प्रकाशाचा एक ठिपका वरच्या अंगाला दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर दिवा फार उंच गेला आहे. चेहऱ्यावर आकाशाइतका पूर्ण प्रकाश टाकण्याचा मोह मात्र टाळावा. सावलीतला चेहरा सावलीतलाच वाटला पाहिजे. म्हणून फ्लॅशची शक्ती हिशेबाने आली त्याच्या निम्मी करून पाहावी. येथे कोणी विचारील की, थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्याने ऊन चेहऱ्यावर परतवले तर फ्लॅशची गरजच काय? पत्रा स्वस्त आहे आणि उत्तमही आहे. परंतु परतलेले ऊन सतत डोळ्यांत जाते आणि माणूस पुन्हा डोळे बारीक करतो. फ्लॅश मात्र पापणी मिटण्याच्या आतच विझलेला असतो.

दुसरा अभ्यास त्याच गच्चीवर सूर्यास्तानंतर करावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात गाझियाबादला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. दिवा, अंतर, शक्ती आणि छिद्र यांना हात न लावता फक्त झडपेचा वेळ बदलत जावे : १/२००, १/१००, १/५०, १/२५. चार चित्रे शेजारी ठेवून पाहिली की आकाश क्रमाने उजळत गेलेले आणि चेहरा जवळजवळ अचल राहिलेला दिसेल. वरील सर्व सिद्धांत या चार चित्रांत आहे. जो हा अभ्यास स्वतः करील, त्याला पुन्हा तो पुस्तकात वाचावा लागणार नाही. शेवटच्या चित्रात माणसाच्या कडांना पुसटसे भुतासारखे दुसरे अंग आलेले दिसले, तर घाबरू नये. ते माणूस हलल्याचे, सूर्याच्या चित्रात उमटलेले चिन्ह आहे.

चेहऱ्याच्या वर्णाविषयी येथे स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. भिंगातून मोजमाप करून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरविणारी यंत्रणा समोरील प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते. सावळा चेहरा चौकटभर असेल तर ती जास्त प्रकाश टाकून त्याला फिका करते. तेच पांढरा सदरा किंवा साडी चौकट व्यापून असेल तर चेहरा अधिकच काळवंडतो. पाश्चात्य देशांत फिल्म आणि छपाईचे रंग जुळविण्यासाठी अनेक दशके गोऱ्या स्त्रियांची चित्रेच प्रमाण मानली गेली, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. यंत्राचा दोष समजू शकतो. पण आपल्याकडील स्टुडिओंत ग्राहक उजळ दिसला की खूश होतो, या समजुतीने फ्लॅश मुद्दाम वाढविण्याची जी रूढी पडली आहे, तिचे समर्थन करणे कठीण आहे. कित्येक कुटुंबांत आजीचे म्हणून एकच छायाचित्र शिल्लक असते, आणि त्यातील वर्ण तिचा नसतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर सरकणाऱ्या चकाकीत असते. दिवा बाजूने व किंचित मागे नेला, तर गालाच्या हाडावर, कपाळावर एक मऊ चमक उमटते आणि वर्ण जसा आहे तसा राहूनही चेहरा स्पष्ट वाचता येतो. यासाठी शक्ती हातानेच ठरवावी, आणि पहिल्या चित्रानंतर माणसाचा हात चित्राशेजारी धरून रंग ताडून पाहावा.

आता धुक्याचा प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर दाट धुके उतरते आणि राजधानीच्या परिसरात त्यात धूर मिसळतो. हिंडनकाठच्या सिटी फॉरेस्टसारख्या मोकळ्या जागी सकाळी झाडांचे खोडही पन्नास पावलांवर विरघळून गेलेले असते. चित्र मोठे मोहक. पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटविताच सर्वत्र पांढरा पडदा पसरतो. याचे कारण सोपे आहे. भिंगाच्या अगदी समोरचे जलकण दिव्याला सर्वांत जवळ असतात, आणि व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणे तेच सर्वांत अधिक उजळतात. मोटारीचे मोठे दिवे लावले की धुक्यात रस्ता अधिकच दिसेनासा होतो, त्यातलाच हा प्रकार. दिवा बाजूला नेऊन चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर धरला, म्हणजे त्याचा झोत भिंग आणि माणूस यांच्यामधल्या हवेतून जवळजवळ जातच नाही. दिव्याच्या कॅमेऱ्याकडील बाजूला काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला, तर उरलासुरला दोषही जातो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर का न्यावा, याचे याहून पटणारे प्रात्यक्षिक दुसरे नाही. याउलट, दिवा माणसाच्या पाठीमागे लपवून पेटविला तर तेच धुके त्याच्याभोवती तेजोवलयासारखे उजळते. हा प्रयोग एकदा अवश्य करावा, वारंवार करू नये. आणि हवा दूषित असलेल्या दिवशी वृद्धांना वा मुलांना चित्रासाठी बाहेर तिष्ठत ठेवू नये. असे दिवस येथे हिवाळ्यात पुष्कळ असतात.

उन्हाळ्याची अडचण निराळी. लू वाहू लागली की सेल तापतात, आणि पूर्ण शक्तीवर लागोपाठ पेटविलेला फ्लॅश काही वेळाने स्वतःच थांबतो. त्याला सावलीत विश्रांती द्यावी. मे-जूनमध्ये अकस्मात उठणाऱ्या आँधीत छत्री म्हणजे शिडाचेच काम करते. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी किंवा पाण्याची भरलेली बाटली टांगावी. त्याहून चांगले म्हणजे दिवा एखाद्या काठीला बांधून मदतनीसाच्या हाती द्यावा.

फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. संध्याकाळच्या तांबूस उन्हात तो चेहऱ्यावर निळसर आणि परका दिसतो. दिव्यावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावला की दोन्ही प्रकाश एका घरचे वाटू लागतात.

गच्चीवरचा सराव झाल्यावर बाहेर पडावे, पण काही मर्यादा ध्यानात ठेवून. हिंडन हा भारतीय वायुसेनेचा तळ शहराला लागूनच आहे. त्याच्या परिसरात कॅमेरा उगारू नये. मेट्रो आणि रेल्वेच्या आवारातही परवानगीवाचून दिवा-स्टँड मांडता येत नाही. रस्त्याच्या कडेला काम करताना फ्लॅशचे तोंड येणाऱ्या वाहनांकडे कधीही नसावे. उद्यानांत रखवालदाराला आधी विचारावे. छत्री आणि स्टँड दिसले की व्यावसायिक चित्रण चालले आहे असा त्याचा ग्रह होतो, आणि तो अगदीच चुकीचा असतो असेही नाही.

चित्र ज्याचे घ्यावयाचे त्याला तर प्रथम विचारलेच पाहिजे. खिशातल्या कॅमेऱ्याने एक वेळ नकळत चित्र घेता येईल. दिवा लावून घेताच येत नाही, आणि हे एका अर्थी बरेच आहे. भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाला दिवा दाखवावा, हवेत एकदा पेटवून दाखवावा, मगच त्याच्याकडे वळवावा. पहिली दोन चित्रे वाया जातील असे धरून चालावे. छटपूजेला हिंडनच्या घाटांवर हजारो लोक पाण्यात उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. तेथे फ्लॅशची आवश्यकताच नसते, कारण व्रतस्थ स्त्रियांची मुखे सूर्याकडे असतात आणि तो खाली उतरून सरळ त्यांच्या चेहऱ्यांवर येतो. पूजेच्या त्या क्षणी दिवा पिशवीतच राहू द्यावा. घाटावरून परतणारे एखादे कुटुंब मागाहून स्वतःच चित्र मागते; तेव्हा अंधारलेले असते आणि आपला दिवा कामी येतो.

प्रत्येक चित्राची नोंद एका वहीत करावी : तारीख, वेळ, झडप, छिद्र, दिव्याची शक्ती आणि दिव्याचे अंतर. पहिल्या पाच गोष्टींपैकी बहुतेक अंकीय कॅमेरा स्वतःच टिपून ठेवतो. दिव्याची शक्ती आणि अंतर मात्र तो टिपत नाही, आणि पुढे नेमके तेच आठवत नाही. अंतर पावलांनी न मोजता दोरीने मोजावे. दोरीला दर अर्ध्या मीटरवर एक गाठ मारून ती स्टँडलाच बांधून ठेवली, म्हणजे विसरत नाही. ज्याचे चित्र घेतले त्याचा पत्ताही त्याच्या संमतीने त्याच वहीत लिहून घ्यावा, आणि एक छापील प्रत आठवड्याच्या आत त्याला नेऊन द्यावी.